पाल कोणी पाहिली?

कुंडलिक खटके यांच्या बातमीत काना-मात्रेची चूक दाखवा आणि भवानीनगरच्या स्टँडवर फुकट चहा प्या, असं बारामती-इंदापूरकडचे पत्रकार गमतीनं म्हणायचे. सव्वीस वर्षांत तो चहा कोणाच्या नशिबी आला नव्हता. कुंडलिकरावांना याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. काना-मात्रा इतक्या जपल्या, की बाकी काही जपायचं राहून गेलं, हे आपण मागाहून शहाणे झालेले लोक म्हणतो. त्या सकाळपर्यंत त्यांना तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

आधी या मंडळींची कामाची रीत सांगितली पाहिजे. दोन तालुक्यांत मिळून पाच पेपरांचे पाच वार्ताहर. सकाळी लोणी भापकरला सप्ताह, दुपारी भवानीनगरला कारखान्याचा कार्यक्रम, संध्याकाळी इंदापूरला मोर्चा. एकट्या माणसानं पळायचं तरी किती? म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर 'लेखणीचे शिलेदार' असा ग्रुप काढला होता. ज्याला बातमी आधी कळेल त्यानं ती लिहून ग्रुपवर टाकायची. याला ते 'कॉपी टाकणं' म्हणत. बाकीचे चौघं त्यातली खालची ओळ वर, वरची खाली करून आपापल्या पेपरला धाडायचे आणि वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं ठोकून द्यायचे. बातमी कोणी दिली, कोणी पाहिलं, हे विचारायचं नाही. पंगतीला बसल्यावर भाजी कुणाच्या रानातली म्हणून कोण विचारतं? त्यातही कॉपी कुंडलिकरावांची असली तर डोळे झाकून घ्यायची.

तर पाच जानेवारीची सकाळ. दुसऱ्या दिवशी पत्रकार दिन होता आणि बारामतीच्या कार्यक्रमात कुंडलिकरावांना 'निर्भीड लेखणी' पुरस्कार मिळायचा होता. सकाळपासून ओट्यावर बसून ते मोबाइलवर भाषण टाइप करत होते. तसं ते भाषण दरवर्षीचंच. बाळशास्त्रींनी 'दर्पण' काढलं, दर्पण म्हणजे आरसा, आरसा समोर असेल तेच दाखवतो, स्वतःच्या मनातलं काही दाखवत नाही. या वाक्याला टाळ्या ठरलेल्या असत.

तेवढ्यात मोबाइल वाजला. शिक्षण खात्याच्या चौकशीचा अहवाल आला होता, आणि ते वाट पाहत होते तो हाच.

प्रकरण असं होतं. दहा दिवसांपूर्वी कळंबच्या अलीकडच्या झगडेवस्तीवरच्या शाळेत बावीस मुलांना उलट्या झाल्या. पोरं दोन दिवसांत दवाखान्यातून घरी आली, कुणाला फार काही झालं नाही. पण कुंडलिकरावांच्या 'दैनिक पाटपाणी'त पहिल्या पानावर मथळा आला, 'खिचडीत पडली पाल. बावीस चिमुकल्यांना विषबाधा', आणि खाली, 'स्वयंपाकी महिलेचा अक्षम्य निष्काळजीपणा'. महिलेचं नावही होतं, द्वारकाबाई. अर्थात कॉपी ग्रुपवर गेली होतीच. पाचही पेपरांत पाल आली. त्याच ग्रुपमधल्या, पेपराखेरीज यूट्यूब चॅनेलही चालवणाऱ्या यशराजनं तर कुठल्या तरी देशातल्या पालीचा फोटो खिचडीच्या ताटावर चिकटवून व्हिडिओ सोडला.

आज दुपारी बारा वाजता वस्तीवर पालकांची सभा होती. द्वारकाबाईंना कामावरून काढायचं, एवढा एकच विषय. कुंडलिकरावांनी बातमीची सुरुवात करूनही टाकली, 'पाटपाणीच्या बातमीचा दणका'. मग मजकूर नीट घ्यावा म्हणून अहवाल उघडला.

"पाच दैनिकांतील वृत्तांमध्ये एकवाक्यता असल्याने खिचडीत पाल पडल्याचे निष्पन्न होते. सबब सदर महिलेस कामावरून कमी करण्याची शिफारस करण्यात येत आहे."

पुढे पुरावा म्हणून पाच कात्रणं जोडलेली होती. कुंडलिकरावांनी पाचही वाचली. पाचही ठिकाणी 'अक्षम्य निष्काळजीपणा'. पाचही त्यांचीच होती. त्याशिवाय अहवालात दुसरं काहीही नव्हतं, पुण्याला तपासायला गेलेल्या पाण्याच्या नि उलटीच्या नमुन्यांचा निकालही नाही.

त्यांनी चौकशीला गेलेल्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, पातेल्यात पाल सापडली होती ना?"

"अहो खटके, सापडली असं तुम्हीच लिहिलंय. आम्ही गेलो तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं."

"मग पाहिली कोणी?"

"पाच पेपरांत आलंय. पाच जण खोटं कशाला लिहितील?" साहेब हसले. "उद्या पुरस्कार घ्यायचाय तुम्हाला. अभिनंदन."

त्यांना बातमी दिली होती सोपाननं. सोपान म्हणजे वस्तीवरचा त्यांचा पेपर एजंट, शाळेच्या कोपऱ्यावर त्याची चहाची टपरी. त्याला फोन लावला.

"सोपान, त्या दिवशी तू पाल पडली म्हणालास. तू बघितलीस का?"

"मी? न्हाय बा. मी टपरीवर हुतो."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की."

"मी?"

"व्हय तात्या. मी म्हनलं, पोरांना उलट्या व्हायल्यात, खिचडी खाल्ल्याली हाय. तुमी इचारलं, पालबिल पडली का काय? मी म्हनलं, असंल बी. तवर तुमी फोन ठिवला." "दुसऱ्या दिशी पेपरात आलं. मला वाटलं, तुमाला डॉक्टरनं सांगितलं असंल."

कुंडलिकरावांना तो दिवस लख्ख आठवला. कारखान्यावर साखर पोत्यांचं पूजन होतं, बँजो वाजत होता, एका कानात बोट घालून ते बोलत होते. चारच्या आत मजकूर पाठवायचा होता. खिचडी म्हटलं की पाल, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं, कारण मागं दोन गावांच्या अशाच बातम्या त्यांनी लिहिल्या होत्या. प्रश्न त्यांनी विचारला, उत्तरही त्यांनीच ठरवलं आणि वर लिहिलं, 'घटनास्थळावरून'. घटनास्थळापासून ते कित्येक मैल लांब होते.

मोबाइलच्या पडद्यावर भाषण उघडंच होतं. आरसा स्वतःच्या मनातलं काही दाखवत नाही. कुंडलिकरावांना लाज वाटली, साधी नाही, कान तापवणारी. त्यांनी भाषण पुसून टाकलं.

आता करायचं काय? साडेनऊ वाजले होते. त्यांनी बारामतीला राजलक्ष्मी मॅडमना फोन केला. वडील गेल्यावर सहा वर्षं त्याच 'पाटपाणी' चालवत होत्या.

"मॅडम, त्या शाळेत पाल नव्हती."

"म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"कुंडलिकराव," त्या म्हणाल्या, "आपण एकट्यांनी चूक कबूल केली तर चुकीचे आपण एकटे. बाकीचे चौघं खरेच राहणार."

"चौघांनी माझंच छापलंय."

"ते वाचकांना कुठं माहितीये? हे बघा, आठव्या पानावर दोन ओळी घेते. 'पालीबाबत दुजोरा मिळू शकला नाही.' भागलं?"

"बातमी पहिल्या पानावर होती मॅडम. अण्णा म्हणायचे, चौकात कानफटात मारलीस तर माफी माजघरात मागू नकोस."

अण्णा म्हणजे मॅडमचे वडील. मॅडमना ते आवडलं नसावं. "संध्याकाळी बोलू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग कुंडलिकरावांनी ग्रुपवर लिहिलं, "झगडेवस्तीच्या बातमीतली पाल ही माझी चूक आहे. आजच्या बातमीत कोणी तिचा उल्लेख करू नये." मिनिटभरात यशराजचा फोन.

"तात्या, आदी ते डिलीट करा. याड लागलंय का तुमाला? माझ्या व्हिडिओला दोन लाख व्ह्यूज हायेत."

"यशराज, पाल कुणी बघितलेलीच न्हाय."

"मग काय झालं? आता ती तुमची एकट्याची राहिली न्हाय, पाच जणांची झाली. तुमी खरं बोलून मोकळं व्हाल, आमी तोंड कुठं दाखवायचं?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुमी आज येऊच नका. घरी बसा, उद्याचं भाषण करा. सभेची कॉपी मी टाकतो. बाईला काढलं की विषय संपला. कोन उकरून काढनार हाय?"

खरं तर कोणीच नाही. हे कुंडलिकरावांना यशराजहून चांगलं ठाऊक होतं. पाल कुठून आली हे ते, मॅडम आणि सोपान एवढ्यांनाच माहीत. मॅडम आणि ग्रुपवाले तोंड उघडणार नव्हते, आणि सोपानला आपण काय सांगून बसलो हे अजून समजलंही नव्हतं. नुसतं घरी बसायचं होतं. सव्वीस वर्षांचं नाव, उद्याचा पुरस्कार, सगळं जागच्या जागी राहणार होतं. खोटं कशाला सांगा, दहा मिनिटं कुंडलिकराव ओट्यावरून उठले नाहीत.

उठले ते एका भलत्याच विचारानं. द्वारकाबाई दिसते कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. काळी का गोरी, म्हातारी का तरणी, काही नाही. जिचं नाव पाच पेपरांत छापलं तिला त्यांनी पाहिलंच नव्हतं. निदान बघून तरी येऊ, असं स्वतःला सांगत त्यांनी मोटरसायकल काढली.

रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं कुंडलिकराव, आणि मनगटावरचं घड्याळ काही थांबायला तयार नाही. एका वळणावर ट्रॉली कलंडली होती. तिथं वीस मिनिटं गेली. परत फिरायला ही चांगली सबब होती आणि ती मनात येऊन गेलीच. पण वाट मोकळी झाली तशी त्यांनी गाडी पुढंच घातली. वस्तीवर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

द्वारकाबाईंचं घर विचारावं लागलं नाही. दारावर कुणीतरी कोळशानं हातभर पाल काढली होती. पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता, पण त्यानं ती आणखीच पसरली होती.

ओसरीवर पन्नाशीची एक बारकीशी बाई मेथी निवडत बसली होती. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी.

"कोन हाय?"

"मी कुंडलिक खटके. पेपरवाला."

तिनं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा मेथीत घातली. "आता काय ऱ्हायलंय लिवायचं?"

"लिहायला न्हाय, इचारायला आलोय."

"दहा दिसांनी?" ती म्हणाली. "पोलीस आलं, सायेब आलं. तो मोबाइलवाला खिडकीतनं शूटिंग करून गेला. पर काय झालं बाई, म्हनून हितं बसून कुनी इचारलं न्हाय. तुमी पयलं."

कुंडलिकराव ओसरीच्या कडेला टेकले. वही काढली. मग नव्या नोकरीतल्या पोरासारखे एकेक गोष्ट विचारत गेले. तांदूळ कधी धुतला, डाळ कुणी निवडली, पातेल्यावर झाकण होतं का, वाढलं कुणी. तिनं सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता.

"चव कुणी घेतली?"

"रोज घ्यावीच लागती. पोरांच्या आदी अर्धा तास. आदी मी, मग गुर्जी, मग येक पालक. वहीत तिघांच्या सह्या असत्यात. त्या दिशी पालक कुनी आलं न्हाय. मी अन् गुर्जींनी खाल्ली. आन् ही माजी नात, संस्कृती, हिनं तर दोनदा घेतली."

"तुम्हाला काही त्रास?"

"न्हाय. गुर्जींना बी न्हाय, हिला बी न्हाय." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "बिरूच्या पोरीला सलाईन लावली, तिनं तर घरनं डबा आनला हुता. खिचडीला शिवली बी न्हाय."

कुंडलिकरावांनी ते लिहून घेतलं. "म्हणजे शाळेच्या टाकीतल्या पाण्यानं झालं?"

"म्हनत्यात काय काय लोक. मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "जे मला म्हाईत न्हाय ते मी कुनाच्या अंगावर घालायची न्हाय."

सव्वीस वर्षांत पत्रकारितेच्या शिबिरांत पुष्कळ व्याख्यानं कुंडलिकरावांनी ऐकली होती, दिलीही होती. त्यांतल्या एकानंही त्यांची मान अशी खाली गेली नव्हती.

"येक सांगा," ती पुढं म्हणाली. "ती पाल बघितली कुनी, तेवढं सांगा. पातेलं मी घासलं. मला कशी दिसली न्हाय? समदी म्हनत्यात तर मी आंधळी झाले का काय? रोज इचार करते, आन् आता मलाच वाटाय लागलंय, असंल बी."

असंल बी. सोपानचेच शब्द. कुंडलिकरावांनी वही मिटली.

"मावशी, पाल कुणी बघितली न्हाय. ती न्हवतीच. मी फोनवरनं, माझ्या मनानं लिहिली. बाकीच्यांनी माझंच बघून लिहिलं."

ती ओरडेल, शिव्या देईल, मेथी तोंडावर फेकेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त दाराकडं, त्या कोळशाच्या पालीकडं पाहिलं.

"मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "देवळापुढं सांगा. आन् तितं सांगनार नसशीला तर हितला चा पिऊ नगा."

चहा झालाच नाही. बारा वाजत आले होते.

बिरोबाच्या देवळापुढं सतरंज्या टाकल्या होत्या. साठ-सत्तर माणसं, एका बाजूला बायका. साहेब खुर्चीवर, शेजारी झुंबर गुरुजी मान खाली घालून. यशराज काठीला मोबाइल लावून उभा होता. कुंडलिकरावांना बघताच त्यानं डोळ्यांनीच 'नको' अशी खूण केली. द्वारकाबाई नातीचा हात धरून मागं बसल्या. त्यांच्या आजूबाजूची जागा आपोआप मोकळी झाली.

साहेबांनी अहवाल वाचला. 'एकवाक्यता' हा शब्द त्यांनी चांगला ठासून म्हटला. "कुणाची हरकत?"

बिरूनं हात वर केला, पण तो हरकतीसाठी नव्हता. "मंजूर म्हना आन् उटा," तो म्हणाला. दोन-चार आवाज आले, "मंजूर."

कुंडलिकराव उभे राहिले.

"माझी हरकत हाय."

"खटके, तुम्ही पालक नाही," साहेब म्हणाले.

"पालक न्हाय. पण ती बातमी माझी हाय. त्या पाची बातम्या माझ्याच हायेत. मी लिहिलं ते बाकीच्या चौघांनी उतरून घेतलं. एकच माणूस पाच तोंडांनी बोललाय, साहेब. तुमची एकवाक्यता ती एवढीच. आन् तो माणूस त्या दिवशी हितं न्हवता. पाल कुणी बघितली न्हाय. मी कुणाला धड न इचारता लिहिली."

मग सगळे एकदम बोलायला लागले. "तात्या, बसा खाली!" असा यशराजचा आवाज आला, पण मोबाइल त्यानं खाली घेतला नव्हता. बिरू गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं कुंडलिकरावांची कॉलर धरली.

"माजी पोरगी दोन दिस सलाईनवर हुती. दहा दिस आमी हिच्या नावानं बोटं मोडतोय. आता म्हनतोस पाल न्हाय? मग कशानं झालं, सांग! पान्यानं झालं का? तेलानं? बोल की!"

आता सत्तर माणसं कुंडलिकरावांच्या तोंडाकडं बघत होती. पाणी म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांच्याजवळ डब्याची गोष्ट होती, मथळासुद्धा मनात तयार होता. लोकांना कोणीतरी हवंच होतं. टाकी धुणारा, टाकी बांधणारा, कोणीही चाललं असतं आणि द्वारकाबाईंवरचा राग तिकडं वळला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले.

"काय?"

"म्हाईत न्हाय, बिरू. तुझ्या पोरीनं डबा खाल्ला हुता, हे तू सांग. गुरुजींनी खिचडी खाल्ली, ते त्यांनी सांगावं. वही काढा, सह्या बघा. नमुने पुण्याला तपासायला गेलेत, ते आलं की कळंल. तवर कशानं झालं ते मला म्हाईत न्हाय आन् तुला बी न्हाय."

बिरूनं कॉलर सोडली नाही, पण हात सैल पडला. डब्याची गोष्ट त्याला ठाऊक होतीच. पेपरात पाल आल्यावर तिचा विचार करायची कोणाला गरजच वाटली नव्हती. झुंबर गुरुजी उठले. दहा दिवस ते का गप्प होते देव जाणे, बहुधा नोकरी असलेला माणूस जसा गप्प बसतो तसे. त्यांनी पिशवीतून चव नोंदवही काढली आणि सव्वीस डिसेंबरचं पान साहेबांपुढं धरलं. "मी खाल्ली होती," ते म्हणाले. "मला काही झालं नाही."

तास-दीड तास आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं ते एवढंच, की तपासणीचा कागद येईपर्यंत द्वारकाबाईंना काढायचं नाही, उद्यापासून त्यांनीच रांधायचं. बिरू जाता जाता म्हणाला, "रांधू द्या. पर माजी पोरगी खानार न्हाय." पुष्कळांनी माना डोलावल्या.

कुंडलिकराव भवानीनगरला पोचायच्या आत यशराजचा व्हिडिओ निघाला होता, 'खोटी बातमी देणारा पत्रकार उघडा पडला'. बाकीचे चार पेपर त्यात कुठंच नव्हते. ग्रुपवरून त्यांना काढून टाकलेलं होतं. पुरस्काराच्या संयोजकांचा फोन आला, उद्या तब्येतीच्या कारणानं आला नाहीत तरी चालेल म्हणून. कुंडलिकरावांची तब्येत ठणठणीत होती.

सहाच्या सुमाराला राजलक्ष्मी मॅडमचा फोन आला.

"व्हिडिओ बघितला," त्या म्हणाल्या. "किती शब्द लिहिताय?"

"तेव्हा जेवढे होते तेवढेच."

"पहिलं पान, तीच जागा देते. नाव घालायचं का?"

"घाला. तेव्हा 'आमच्या प्रतिनिधीकडून' होतं. आता माझं नाव घाला."

सहा जानेवारीला बारामतीत बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार पडत होता तेव्हा कुंडलिकराव झगडेवस्तीच्या शाळेत, स्वयंपाकखोलीच्या दारात उभे होते. चुलीवरून पातेलं उतरलं होतं. चव नोंदवहीत द्वारकाबाईंचा अंगठा आणि गुरुजींची सही झाली होती. तिसरा रकाना रिकामा होता. एकही पालक फिरकला नव्हता.

"ग्रामस्थ चालतो," गुरुजी हळूच म्हणाले. "भवानीनगरचा का होईना."

द्वारकाबाईंनी ताटलीत वाढलं. वाफाळती पिवळी खिचडी, वर कोथिंबीर. कुंडलिकरावांनी घास उचलला आणि थांबले. बोटांनी भात पसरवून त्यांनी एकदा नीट पाहिलं. पाल नव्हती हे जगात सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी पाहिलं.

द्वारकाबाईंनी ते बघितलं.

"बगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "नीट बगा. तुमीच बगताय, मग दुसऱ्यांनी का बगू नये?"

कुंडलिकरावांनी तो घास खाल्ला, मग ताटली पुरी संपवली. वहीत सही केली, पूर्ण नावानं.

घंटा झाली. चोपन्न मुलं हजर होती. संस्कृती ताटली घेऊन सगळ्यांत आधी येऊन बसली. तिच्यामागून एक मुलगा आला, मग दोन बहिणी. बाकीच्यांनी व्हरांड्यात डबे उघडले. पातेलं भरलेलंच राहिलं. द्वारकाबाई पळी हातात धरून उभ्या होत्या, आणखी कोणी येतंय का बघत.

मोबाइल वाजला. राजलक्ष्मी मॅडम होत्या.

"शाळेत आहात ना? उद्यासाठी चार ओळी द्या. 'द्वारकाबाईंच्या खिचडीला विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं घेऊ. बिचारीचं भलं होईल."

कुंडलिकरावांनी रांगेकडं पाहिलं. एकदा वाटलं, घ्यावं. एवढं तरी तिचं देणं लागतो आपण.

"चार मुलं जेवली, मॅडम."

"चारच?"

"चोपन्नपैकी चार. बाकीच्यांनी डबे खाल्ले."

"अहो, ते बरं दिसत नाही वाचायला. तिच्यावरच उलटेल."

द्वारकाबाई ऐकत होत्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कुंडलिकरावांकडं बघत मान हलवली.

"चारच लिवा," त्या म्हणाल्या.

"चार लिहा, मॅडम," कुंडलिकराव फोनवर म्हणाले. "उद्या मी परत येऊन मोजतो."